राष्ट्राध्यक्ष पाहिजे : उंच, हसतमुख, कुत्रा असल्यास प्राधान्य

अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष होऊ इच्छिणाऱ्याला तीनच अटी घातल्या आहेत. तो जन्माने अमेरिकेचा नागरिक असावा, वय किमान ३५ असावे आणि किमान १४ वर्षे तो त्या देशात राहिलेला असावा. संपली जाहिरात. शिक्षणाची अट नाही, अनुभवाचा दाखला नाही, चारित्र्याचे प्रमाणपत्र नाही. आपल्याकडे पंचायत समितीत शिपायाची एक जागा निघाली तरी जाहिरातीचा मजकूर याच्या चौपट असतो आणि खाली झेरॉक्सच्या साक्षांकित प्रती जोडायला सांगतात, त्या वेगळ्या.

घटना लिहिणाऱ्यांनी बहुधा असा विचार केला असावा, की बाकीचे मतदार बघून घेतील. मतदारांनी बघून घेतले. पहिली निवडणूक झाल्यापासून ते या जाहिरातीत एकेक ओळ वाढवत आले आहेत. पंचाईत एवढीच, की वाढवलेल्या ओळी कुठे छापून येत नाहीत. त्या फक्त पडलेल्या उमेदवाराला कळतात, आणि त्याही निकालाच्या दुसऱ्या दिवशी.

घटनेच्या पहिल्या अटीने आपलाही एक माणूस बाद केला आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे आत्मकथन इकडे पुष्कळांनी वाचले आहे. ते तिथे खासदार झाले, त्याआधी २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठीही उभे राहून बघितले. पण राष्ट्राध्यक्षपदाचा दरवाजा त्यांना बंद. जन्म तिथला नाही. श्रीची कितीही इच्छा असली, तरी घटनेची नाही.

आता न छापलेल्या अटींकडे वळू. त्यातली पहिली उंची. सर्वांत उंच राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन, ६ फूट ४ इंच. सर्वांत बुटके जेम्स मॅडिसन, ५ फूट ४ इंच. राज्यघटनेचे जनक म्हणतात ते या मॅडिसननाच. तिच्यात उंचीची अट का आली नाही, हे शोधायला फार संशोधन लागू नये. पण टीव्ही आला आणि मॅडिसनचे दिवस गेले. १९८८ साली ६ फूट २ इंचांच्या जॉर्ज बुश (थोरले) यांच्यासमोर ५ फूट ८ इंचांचे मायकेल डुकाकिस वादविवादाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पायाखाली एक उंचवटा करून दिला होता. सहा इंचांचा प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न त्याआधीच निघाला होता, की हा माणूस संरक्षणाच्या बाबतीत मऊ वाटतो. म्हणून त्या सप्टेंबरात त्यांना मिशिगनमध्ये एका रणगाड्यात बसवले. डोक्यावर भले मोठे शिरस्त्राण, त्यावर त्यांचेच नाव लिहिलेले, आणि खाली जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदाच बसल्यासारखा आनंदी चेहरा. डुकाकिस यांच्या माणसांना वाटले, काय फोटो मिळाला! बुश यांच्या माणसांनाही तेच वाटले. त्यांनी तीच दृश्ये घेऊन स्वतःची जाहिरात केली. पुढे अमेरिकेतल्या राजकीय सल्लागारांमध्ये एक नियमच होऊन बसला, की उमेदवाराच्या डोक्यावर काही म्हणजे काही घालायचे नाही. फेटे बांधल्याशिवाय ज्यांची सभा सुरू होत नाही, अशा आपल्या पुढाऱ्यांना हे दुःख कळणार नाही.

उंचीनंतर चेहरा. २००५ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी उमेदवारांचे दोन-दोन फोटो क्षणभर दाखवले आणि विचारले, यातला कर्तबगार कोण वाटतो? तेवढ्यावरून सिनेटच्या सुमारे ७० टक्के निवडणुकांचा निकाल बरोबर निघाला. २००९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी याच्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी लहान मुलांना फ्रेंच संसदेच्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारले, तुमच्या जहाजाचा कप्तान कोणाला कराल? मुलांनी निवडलेले कप्तान बहुतांशी निवडून आलेलेच निघाले. म्हणजे दूरदर्शनवर रात्रभर चर्चा करणारे सगळे तज्ज्ञ घरी पाठवून बालवाडीतली चार पोरे आणून बसवली, तरी चालण्यासारखे आहे. आवाजही कमी होईल.

चेहऱ्यावर निवडून येण्याचा कळस म्हणजे वॉरन हार्डिंग. रुपेरी केस, भरदार भुवया, भारदस्त आवाज. राष्ट्राध्यक्ष दिसतो कसा, असे विचारले तर बोट दाखवावे असा माणूस. १९२० मध्ये त्यांना ६० टक्के मते पडली. पुढे त्यांच्या मित्रमंडळींनी सरकारी तेलाच्या जमिनींपर्यंत हात मारला आणि हार्डिंग यांचे नाव आज इतिहासकारांच्या यादीत तळाच्या आसपास शोधावे लागते. दिसत मात्र ते शेवटपर्यंत राष्ट्राध्यक्षासारखेच होते.

दाढीचा इतिहास याहून रंजक आहे. १८६० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावची ग्रेस बेडेल नावाची अकरा वर्षांची मुलगी लिंकन यांना पत्र लिहून कळवते, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, तुम्ही दाढी वाढवा. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि तुम्हाला मते मिळतील. बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता. पण नवऱ्याचे मत कुठून हलवायचे असते, हे त्या पोरीला पक्के ठाऊक होते. लिंकन यांनी उत्तर पाठवले, की इतके दिवस ठेवली नाही, आता ठेवली तर लोक नाटकी म्हणणार नाहीत का? आणि मग ठेवली. शपथविधीला जाताना वाटेत वेस्टफील्डला गाडी थांबवून त्यांनी त्या मुलीला दाढी दाखवलीसुद्धा. सल्लागाराची फी म्हणून एवढ्यावर समाधान मानणारी व्यक्ती त्या धंद्यात पुन्हा झाली नाही.

पुढे फॅशन उलटली. १९१३ मध्ये विल्यम टाफ्ट पायउतार झाले, त्यानंतर व्हाइट हाऊसमध्ये मिशी आलेली नाही. थॉमस ड्युई मिशी घेऊन १९४४ मध्ये उभे राहिले आणि पडले. १९४८ मध्ये तीच मिशी घेऊन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. माणूस तत्त्वाचा म्हणायचा. सध्याचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स दाढीवाले आहेत, तेव्हा या अटीची परीक्षा कदाचित लवकरच होईल.

हल्ली चेहरा नुसता बरा असून भागत नाही, तो कोरडाही असावा लागतो. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन यांचा पहिला टीव्ही वादविवाद झाला. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले, वजन उतरलेले, अंगात फिकट सूट. मेकअप करा म्हटले तर नको म्हणाले. दिव्यांखाली त्यांच्या हनुवटीवर घाम आला आणि तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. शेजारी केनेडी उन्हात रापलेले, ताजेतवाने. त्या रात्री कोण काय बोलले, हे आज फार कोणाला आठवत नाही. घाम आठवतो. त्या निवडणुकीनंतर पुढचा वादविवाद व्हायला १९७६ साल उजाडले. सोळा वर्षे कोणी रुमालाची जोखीम घेतली नाही.

यानंतरची अट पोटाची आहे. उमेदवाराला खाता आले पाहिजे, आणि तेही समोर पन्नास कॅमेरे असताना. आयोवा राज्याची जत्रा ऑगस्टमध्ये डे मॉइनला भरते. तिथे काडीला लावलेले डुकराचे मांस मिळते, तळता येईल ते सगळे तळून मिळते आणि लोण्याची गाय बघायला मिळते. सुमारे पावणेतीनशे किलो लोण्याची, खऱ्या आकाराची, काचेच्या थंडगार खोलीत उभी केलेली गाय. १९११ पासूनची परंपरा आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा जो तो उमेदवार त्या गायीसमोर उभा राहतो आणि जन्मात लोणी पाहिले नसल्यासारखा चेहरा करतो. मग ॲप्रन बांधून शेगडीवर मांस परततो. २०२३ मध्ये शाकाहारी विवेक रामस्वामी तिथे गेले, तेव्हा त्यांनी एमिनेमचे रॅप गाणे म्हणून दाखवले. मांसाहार टाळण्यासाठी इतकी किंमत आजवर कोणी मोजली नसेल.

खाण्यात चुकले तर क्षमा नाही. १९७६ च्या एप्रिलमध्ये जेराल्ड फोर्ड टेक्सासमध्ये सान अँटोनियोला गेले. तिथल्या लोकांनी कौतुकाने तमाले दिले. मक्याच्या पिठाचा हा पदार्थ मक्याच्याच सालीत गुंडाळून वाफवतात. साल सोडायची आणि आतले खायचे. फोर्ड यांनी सालीसकट चावा घेतला. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांनी पातोळे हळदीच्या पानासकट चावून खाल्ले, तर सिंधुदुर्गात काय होईल, याची कल्पना करा. टेक्सासची पक्षांतर्गत निवडणूक फोर्ड हरले आणि नोव्हेंबरमध्ये ते राज्यही हरले. २००३ मध्ये जॉन केरी यांनी फिलाडेल्फियातल्या प्रसिद्ध मांसाच्या सँडविचवर स्विस चीज मागितले. तिथे पिवळे पातळ चीज घालतात. एका स्लाइसवरून माणूस परका ठरला.

खाण्यानंतर पिणे. २००० पासूनच्या निवडणुकांत एक प्रश्न फार गाजला : यांच्यापैकी कोणाबरोबर बसून बीअर प्यायला आवडेल? जॉर्ज बुश (धाकटे) या परीक्षेत दरवेळी पहिले यायचे. अल गोर आणि जॉन केरी यांच्याबरोबर बसले तर बीअर गरम होईपर्यंत बोलणे संपणार नाही, अशी लोकांना धास्ती. यातली गंमत अशी, की बुश यांनी १९८६ मध्ये, वयाच्या चाळिशीला, दारू कायमची सोडली होती. म्हणजे अख्ख्या देशाने बीअर प्यायला जो सोबती पसंत केला, तो बीअर पीतच नव्हता. पुढे २०२० मध्ये ट्रम्प विरुद्ध बायडन हा सामना झाला, तेव्हा दोघेही दारूला न शिवणारे निघाले. गांधीजयंतीला शोभेल अशी लढत. पण वातावरण काही तसे नव्हते.

मग घरची माणसे, आणि त्यात कुत्रा. १९५२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या निक्सन यांच्यावर समर्थकांनी गोळा केलेल्या १८ हजार डॉलरच्या निधीवरून आरोप झाले. निक्सन टीव्हीवर आले, आपल्या कर्जाचा आणि विम्याचा पाढा वाचला, बायकोच्या साध्या कापडी कोटाचे वर्णन केले आणि शेवटी सांगितले, की टेक्सासच्या एकाने आम्हाला एक कुत्र्याचे पिल्लू पाठवले आहे, मुलीने त्याचे नाव चेकर्स ठेवले आहे आणि कोणी काहीही म्हणो, ते आम्ही परत करणार नाही. खरे म्हणजे ते परत करा, असे कोणीच म्हटले नव्हते. पण लोक गहिवरले, पक्षाच्या कचेरीवर तारांचा पाऊस पडला आणि निक्सन तरले. उलट मिट रॉम्नी यांनी १९८३ मध्ये कुटुंबासह कॅनडाला जाताना शेमस नावाच्या कुत्र्याला पेटीत घालून गाडीच्या टपावर ठेवले होते. ही गोष्ट चोवीस वर्षांनी छापून आली आणि २०१२ च्या निवडणुकीपर्यंत तो कुत्रा त्यांच्या मागे धावत होता. ट्रम्प यांनी पाळीव प्राणीच ठेवला नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत असे करणारे ते पहिलेच.

बायको हवी, ही अट फार जुनी. जन्मभर अविवाहित राहिलेले एकमेव राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन. त्यांची कारकीर्द संपता संपता देश फुटला. १८८४ मध्ये अविवाहित ग्रोव्हर क्लीव्हलंड निवडून आले, पण त्यांनी दोन वर्षांत व्हाइट हाऊसमध्येच लग्न उरकून शंका मिटवली. घटस्फोट मात्र चालत नसे. १९६४ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांना तो नडला. १९८० मध्ये घटस्फोटित रेगन निवडून आले आणि त्यानंतर मतदारांनी या बाबतीत मोजणे सोडून दिले.

देवाच्या बाबतीत मात्र अजून मोजतात. तुमच्या पक्षाने अमक्या प्रकारचा उमेदवार दिला तर मत द्याल का, असे गॅलप ही संस्था १९३७ पासून विचारत आली आहे. त्या वर्षी बाईला मत द्यायला ३३ टक्के तयार होते. २०२० मध्ये तो आकडा ९३ वर गेला. नास्तिकाला १९५८ मध्ये जेमतेम १८ टक्के होकार होता, २०२० मध्ये ६० झाला. त्या यादीत सर्वांत खाली समाजवादी, ४५ टक्के. थोडक्यात, देव नाही असे म्हणणाऱ्याचे एक वेळ चालेल. दवाखाना फुकट करतो म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

बाईचा आकडा ९३ असूनही आजवर बाई निवडून आलेली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. रडण्याचेच बघा. १९७२ मध्ये एडमंड मस्की बायकोवरच्या टीकेला उत्तर देताना न्यू हॅम्पशायरच्या बर्फात उभे होते. गालावर ओघळले ते अश्रू होते की वितळलेला बर्फ, यावर आजही वाद आहे. मस्की म्हणाले बर्फ, वार्ताहरांनी लिहिले अश्रू. त्यांची उमेदवारी त्या ओलीत वाहून गेली. २००८ मध्ये त्याच राज्यात हिलरी क्लिंटन यांचे डोळे नुसते पाणावले आणि दुसऱ्या दिवशी त्या तिथली निवडणूक जिंकल्या. त्याआधी वर्षभर लोक म्हणत होते, ही बाई फार कठोर आहे. त्यानंतर म्हणू लागले, ही बाई फार हिशेबी आहे.

अमेरिकेत एडिसनला राहणारा माझा भाचा या विषयातला जाणकार आहे. त्याला अजून तिथले नागरिकत्व मिळालेले नाही, मत देता येत नाही, त्यामुळे त्याचा अभ्यास निःपक्षपाती आहे. मी त्याला फोनवर विचारले, "अरे, तुमच्याकडची माणसं नेमकं बघतात तरी काय?"

"मामा, आमच्या ऑफिसात विचारलंत तर सगळे सांगतील, आम्ही धोरणं बघतो."

"मग बरंय की!"

"हो, पण डिबेटच्या दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळे टायवर बोलत असतात."

गरिबी हीसुद्धा एक अट आहे. स्वतःची नसेल तर उसनी आणावी लागते. १८४० मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार 'लाकडी खोपटात राहणारा, सफरचंदाची दारू पिणारा साधा माणूस' असा झाला. माणूस व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचा मुलगा, वडिलांची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही. खोपट निवडून आले. मग हा माणूस अगदीच अडाणी नाही, हे दाखवायला त्यांनी शपथविधीला थंडीत पावणेदोन तास भाषण केले आणि बरोबर महिन्याने ते वारले. याच्या उलट ॲडलाय स्टीव्हन्सन. खरोखरीचे विद्वान. १९५२ मध्ये एका छायाचित्रकाराने त्यांच्या बुटाच्या तळव्याला पडलेले भोक टिपले. त्या फोटोला पुलित्झर पारितोषिक मिळाले, समर्थकांनी भोक पडलेल्या बुटाचे बिल्ले केले. गरिबीची खूण सापडली होती, भोकही खरे होते. पण विद्वत्ता आड आली. लोकांनी त्यांना 'अंड्याच्या डोक्याचा' म्हणून हिणवले आणि आयसेनहॉवर यांच्या हसऱ्या चेहऱ्याला दोनदा निवडून दिले.

म्हणजे मतदाराला हवा तरी कोण? आपल्यापेक्षा शहाणा, पण ते न दाखवणारा. लढवय्या, पण शिरस्त्राणाशिवाय. दयाळू, पण कोरड्या डोळ्यांचा. २०१२ च्या मतदानोत्तर चाचणीत उमेदवाराचे चार गुण पुढे ठेवून विचारले होते, तुम्ही कशासाठी मत दिले? खंबीर नेतृत्व, दूरदृष्टी आणि आपल्यासारखी मूल्ये या तिन्हींत रॉम्नी पुढे होते. चौथा गुण होता, 'माझ्यासारख्यांची काळजी'. त्या गटातल्या ८१ टक्क्यांनी ओबामांना मत दिले आणि ओबामा जिंकले. नेता दूरचे बघणारा असला तर उत्तमच, पण बघताना मध्ये मी दिसलो पाहिजे.

मला मात्र ही सगळी यादी फसवी वाटते. मतदार गुण शोधत नाही. तो आधीच्या माणसाच्या अवगुणावर उतारा शोधतो. निक्सन खोटे बोलले, म्हणून 'मी खोटे बोलणार नाही' असे सांगणारे कार्टर आले. कार्टर खरेच खरे बोलू लागले, स्वेटर घालून वीज वाचवा म्हणू लागले, १९७९ मध्ये तर त्यांच्या होडीकडे पोहत आलेल्या एका सशाला त्यांनी वल्ह्याने हाकलल्याची बातमी पहिल्या पानावर आली. मग लोकांना हसरा आणि न घाबरणारा माणूस हवासा झाला. आले रेगन. थोरले बुश १९९२ च्या वादविवादात एक बाई देशाच्या कर्जाबद्दल विचारत असताना घड्याळ बघत होते. त्या बाईजवळ चालत जाऊन डोळ्यात डोळे घालून ऐकणारे क्लिंटन निवडून आले. क्लिंटन यांची जवळीक फारच वाढली, तेव्हा घरंदाज धाकटे बुश आणले. बुश यांची जीभ अडखळे, म्हणून फर्डे ओबामा. ओबामा फार तोलून-मापून बोलत, म्हणून ट्रम्प. ट्रम्प यांचा आवाज फार झाला, म्हणून बायडन. बायडन ८१ वर्षांचे झाले आणि जूनच्या वादविवादात त्यांना वाक्य पुरे करता येईना, तेव्हा लोक म्हणाले, आता तरणाबांड माणूस हवा. जानेवारी २०२५ मध्ये शपथ घेताना त्या तरण्याबांड माणसाचे वय होते ७८.

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. तोवर अनेक पाहण्या होतील, लोक प्रामाणिकपणा, अनुभव आणि दूरदृष्टी अशी उत्तरे देतील आणि ती स्तंभांत छापून येतील. तुम्ही ती वाचण्यात वेळ घालवू नका. आत्ता खुर्चीत जो बसला आहे, त्याचे तुम्हाला सर्वांत जास्त काय खटकते, तेवढे एका कागदावर लिहा आणि त्याच्या बरोबर उलटे ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर पैज लावा. उमेदवार ५ फूट ४ इंचांचा असेल, तर मात्र जपून.